मुलीची इंजिनिअरिंगची फी माफ होते, पण कोणत्या वाटेनं? शिरूर-दौंडच्या पालकांसाठी शिष्यवृत्त्यांची माहिती

शिरूर, दौंड : बारावी सायन्सचा निकाल लागला की गावोगावी एकच प्रश्न ऐकू येतो. "मुलींना इंजिनिअरिंग फुकट झालंय म्हणतात, खरंय का?" खरं आहे, पण अर्धवट. फी माफ होते ती ठरावीक वाटेनं प्रवेश घेतला तरच. ही वाट चुकली, तर त्याच मुलीची, त्याच कॉलेजातली, त्याच शाखेची पूर्ण फी घरातून भरावी लागते.

हिशेब सोपा आहे. एखाद्या खासगी कॉलेजचं शिक्षण शुल्क वर्षाला एक लाख रुपये धरलं, तर चार वर्षांचे चार लाख होतात. उसाला टनाला तीन हजार धरले, तर हे सव्वाशे टनांपेक्षा जास्त उसाचं बिल झालं. एवढी रक्कम एका कागदावर किंवा एका तारखेवर अडकलेली असते. म्हणून योजना नीट समजून घेतलेली बरी.

पूर्ण फी माफी कोणाला?

राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी याबाबतचा शासन निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग (एसईबीसी) आणि इतर मागास वर्ग (ओबीसी) यातील मुलींना आधी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात ५० टक्के सवलत होती. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती १०० टक्के झाली. मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे ९०६ कोटी रुपयांच्या वाढीव खर्चाला मान्यता दिली. नव्याने प्रवेश घेणाऱ्या आणि आधीपासून शिकत असलेल्या, अशा दोन्ही मुलींना हा निर्णय लागू आहे.

मुख्य अटी अशा :

- कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्यापेक्षा कमी असावं.
- प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून झालेला असावा.
- व्यवस्थापन कोटा किंवा संस्था स्तरावरील जागेवर घेतलेल्या प्रवेशाला लाभ नाही.
- खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेत येत नाहीत.

अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजं तसेच तंत्रनिकेतनं योजनेत आहेत. त्यामुळे कॉलेज खासगी असलं तरी घाबरायचं कारण नाही. कॉलेज खासगी असणं वेगळं आणि ते खासगी 'विद्यापीठ' असणं वेगळं. नगर रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर दोन्ही प्रकारच्या संस्था आहेत, आणि बाहेरच्या पाटीवरून फरक लगेच कळतोच असं नाही. चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा : "हे कॉलेज कॅपमध्ये आहे का, आणि मुलींची शंभर टक्के सवलत इथे लागू होते का?"

'आत्ताच सीट बुक करा' म्हणणाऱ्यांपासून सावध

सीईटीचा निकाल लागायच्या आधीच घरी फोन यायला लागतात. "सीट भरत आल्यात, आत्ताच पैसे भरून पक्कं करा," असं सांगितलं जातं. मुलीची काळजी म्हणून पालकही घाई करतात. पण अशी पक्की केलेली जागा बहुतेक वेळा व्यवस्थापन कोट्यातली असते आणि तिथे फी माफी संपते.

कॅपची वाट अशी आहे : बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित, मग एमएचटी-सीईटी, निकालानंतर कॅपची नोंदणी, कागदपत्र तपासणी, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम भरणं आणि फेऱ्या. अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. त्यामुळे मुलीला थोडे कमी पर्सेंटाइल पडले तरी लगेच हताश होऊ नये.

पसंतीक्रम भरताना मात्र कॅफेवाल्यावर सोडून देऊ नका. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते. म्हणून मुलीने स्वतः बसून, जायचं-यायचं अंतर आणि शाखा बघून यादी तयार करावी.

कॅपमध्येच आणखी एक सोय आहे, 'ट्यूशन फी वेव्हर स्कीम'. या योजनेत मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा असतात. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर गुणवत्तेनुसार ही जागा मिळते आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ होतं. मात्र या जागेवर गेल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

अनुसूचित जाती-जमाती आणि भटके-विमुक्त

या प्रवर्गांतील मुलींसाठी फीची सोय २०२४ च्या आधीपासूनच आहे. अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थिनींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अनुसूचित जातीसाठी त्याची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर 'फ्रीशिप'मधून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठीही शुल्काची योजना आहे. या सगळ्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवरच भरायचे असतात.

फी माफ झाली, पण खोली आणि मेसचं काय?

फी माफीत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क येतं. खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं, लॅपटॉप आणि येण्याजाण्याचा खर्च त्यात येत नाही. बऱ्याच घरांत मुलीचं शिक्षण फीवर नाही, तर या खर्चावर अडतं. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत :

- स्वाधार योजना : अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पुणे आणि पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत शिकणाऱ्यांना वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी आणखी ५ हजार रुपये आहेत.
- स्वयम् योजना : अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी, याच धर्तीवर.
- ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना : ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. यातही मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये आहेत, पण जिल्ह्याला जागा मर्यादित असतात. म्हणून अर्ज सुरू झाल्याबरोबर भरावा.
- डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता : अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलामुलींसाठी. मराठा आणि खुल्या प्रवर्गातील शेतकरी घरांनी ही योजना जरूर बघावी. अल्पभूधारक असल्याचा दाखला आधीच काढून ठेवावा.

घरून ये-जा करणाऱ्या मुलींसाठी एसटीचा आधार आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो.

केंद्राची 'प्रगती' आणि खासगी संस्थांची मदत

एआयसीटीई या केंद्रीय परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. देशभरात पदवीसाठी ५ हजार आणि डिप्लोमासाठी ५ हजार अशा १० हजार शिष्यवृत्त्या दिल्या जातात. एका घरातल्या जास्तीत जास्त दोन मुलींना लाभ मिळतो आणि उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. अर्ज पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतल्यावर भरायचा असतो. तो महाडीबीटीवर नाही, तर केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे अर्ज राहून जातो.

पुण्यातील लीला पूनावाला फाउंडेशन १९९० च्या दशकापासून गुणवंत पण गरजू मुलींना शिष्यवृत्ती देतं. त्यात अभियांत्रिकीच्या मुलीही असतात. 'कोटक कन्या' शिष्यवृत्तीत वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यासाठी उत्पन्न ६ लाखांच्या आत आणि बारावीचे गुण चांगले लागतात. 'अॅमेझॉन फ्यूचर इंजिनिअर'मध्ये संगणक शाखेच्या पहिल्या वर्षातील मुलींना दरवर्षी पैसे आणि एक लॅपटॉप मिळतो.

एकाच खर्चासाठी दोन ठिकाणांहून सरकारी लाभ घेता येत नाही. कोणती योजना कोणत्या योजनेबरोबर चालते, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारूनच अर्ज भरावेत.

कागदं निकालानंतर नाही, अकरावी-बारावीतच

- उत्पन्नाचा दाखला : तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा अहवाल घेऊन महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करायचा. दाखला तहसील कार्यालयाचा लागतो.
- वय, राष्ट्रीयत्व व अधिवास दाखला : राज्याची रहिवासी असल्याचा पुरावा.
- जातीचा दाखला आणि जात पडताळणी : सर्वांत जास्त वेळ इथे जातो. बारावी सायन्सला असतानाच ज्युनिअर कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे अर्ज करावा. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधायला वेळ लागतो. मुदतीत वैधता मिळाली नाही तर राखीव जागा हातची जाते.
- नॉन-क्रिमीलेअर : ओबीसी, एसईबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी. प्रवेशाच्या वर्षात येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असावा.
- ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र : इतर कोणतंही आरक्षण लागू नसलेल्या घरांसाठी.
- बँक खातं : मुलीच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं. दोन बँकांत खाती असतील, तर आधार कोणत्या खात्याला जोडलंय हे बँकेत विचारून घ्यावं. शिष्यवृत्ती त्याच खात्यात जमा होते.

एक गोष्ट आवर्जून तपासावी. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि बँक पासबुक या तिन्हींवर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का? नसेल तर दुरुस्ती आधी करून घ्यावी.

दहावीनंतरची दुसरी वाट

बारावी-सीईटीचा ताण नको असेल, तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. फी माफीत तंत्रनिकेतनंही येतात, म्हणून डिप्लोमाचा प्रवेशही कॅपमधूनच घ्यावा. घरी लवकर नोकरीची गरज असेल, तर ही वाट जास्त सोयीची पडते.

जवळ काय आहे?

शिरूरच्या पाबळ, कान्हूर मेसाई बाजूच्या मुलींना आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द इथलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन जवळ आहे. शिक्रापूर, सणसवाडी बाजूने वाघोलीची कॉलेजं नगर रस्त्यावरच आहेत. दौंड तालुक्यात स्वामी चिंचोली इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तर बारामतीला विद्या प्रतिष्ठानचं. पुण्यात १८५४ साली सुरू झालेलं सीओईपी आता तंत्रज्ञान विद्यापीठ झालंय. कर्वेनगरचं कमिन्स महाविद्यालय १९९१ पासून खास मुलींसाठी आहे.

नोकरीसाठीही फार लांब बघायला नको. रांजणगावला गाड्यांचे आणि घरगुती उपकरणांचे कारखाने आहेत, तर कुरकुंभला रासायनिक कंपन्या. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि केमिकल शाखा मुलींच्या नाहीत, हा समज आता सोडायला हवा.

या मातीत हे नवं नाही

दौंड तालुक्यातील केडगाव इथे पंडिता रमाबाईंनी 'मुक्ती' उभारलं, ते १८९६ च्या दुष्काळानंतरच्या काळात. तिथे निराधार बायकांना अक्षरओळखीबरोबर छापखान्याचं कामही शिकवलं गेलं. खिळे जुळवून पुस्तकं छापायचं काम त्या काळी बायका करत होत्या.

शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती ही कामं हाताने करत शिकायची, ही तिथली पद्धत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मदतीने अमेरिकेबाहेर सुरुवातीच्या काळात ज्या 'फॅब लॅब' झाल्या, त्यातली एक याच पाबळला आहे.

आणि लीला पूनावाला यांनी १९६७ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी घेतली, तेव्हा त्या शाखेत मुलगी दिसणंच नवल होतं. फाळणीत सिंधमधून आलेल्या घरातली ही मुलगी पुढे अल्फा लावल इंडियाची प्रमुख झाली. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिष्यवृत्ती देणारं फाउंडेशन त्यांनी नंतर उभं केलं.

प्रवेश झाला म्हणजे काम संपलं नाही

महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. एक वर्ष राहिला तर त्या वर्षाची फी अंगावर येते. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या पातळीवर तपासून पुढे गेला का, हे पोर्टलवर बघत राहावं. त्रुटी काढून परत आलेला अर्ज महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो आणि मुलीला कळतही नाही. लॉगिन, पासवर्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर कॅफेत नाही, तर मुलीकडेच असावा. पुढची चार वर्षं हा अर्ज तिनेच सांभाळायचा आहे.