ओलोफ पाल्मे यांचा खून : पुरावा थोडा, संशय फार

ज्या खुनाचा छडा लागत नाही, त्याचे दोन इतिहास लिहावे लागतात. एक प्रत्यक्ष घटनेचा. तो बहुधा काही क्षणांचा असतो आणि एखाद्या पानात आटोपतो. दुसरा लोकांनी केलेल्या तर्कांचा; तो वर्षानुवर्षे लिहिला जातो आणि संपता संपत नाही. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या खुनाचा पहिला इतिहास अगदी छोटा आहे. दुसरा मात्र इतका विस्तारला की, तपासाचे कागद ठेवण्यास सुमारे २५० मीटर लांबीची फडताळे लागली. या दुसऱ्या इतिहासाचीच ओळख आम्ही येथे करून देऊ इच्छितो, कारण त्यात खुनी सापडत नसला तरी माणसाचा स्वभाव मात्र स्पष्ट सापडतो.

प्रथम घटना पाहू. २८ फेब्रुवारी १९८६, शुक्रवारची रात्र. पाल्मे यांनी आपल्या अंगरक्षकांना त्या दिवसापुरती रजा दिली होती. पत्नी लिस्बेत यांच्यासह ते स्टॉकहोममधील ग्रँड चित्रपटगृहात गेले. तेथे त्यांचा मुलगा आणि त्याची मैत्रीण भेटली. खेळ संपल्यावर पती-पत्नी स्वेआव्हेगन या हमरस्त्याने पायीच घराकडे निघाली. रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी टुनेलगाटन या गल्लीच्या तोंडाशी एका माणसाने मागून येऊन पाल्मे यांच्या पाठीत गोळी झाडली. दुसरी गोळी लिस्बेत यांना चाटून गेली. मारेकरी गल्लीत शिरला, टोकाच्या पायऱ्या चढून वरच्या रस्त्यावर गेला आणि अंधारात नाहीसा झाला. मध्यरात्रीनंतर सहा मिनिटांनी डॉक्टरांनी पाल्मे मरण पावल्याचे जाहीर केले. त्यांचे वय ५९ होते.

रस्ता वर्दळीचा होता आणि मारेकऱ्याला पाहणारे वीसहून अधिक साक्षीदार होते. तरीही त्याचा चेहरा नीट पाहिला असे खात्रीने सांगणारे जवळजवळ कोणी नव्हते. पोलीस काही मिनिटांत पोहोचले, पण पुढचे काही तास त्यांनी वाया घालवले. घटनास्थळाभोवती बांधलेली दोरी फारच तोकडी पडली. लोक फुले घेऊन रक्ताच्या डागापर्यंत येऊ लागले. देशभर इशारा जाण्यास अडीच तासांहून अधिक वेळ लागला. झाडलेल्या दोन्ही गोळ्या पोलिसांना सापडल्याच नाहीत. पहिली दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉकहोममध्ये राहणाऱ्या एका भारतीय पत्रकाराला दोरीच्या बाहेर रस्त्यावर मिळाली आणि दुसरी रविवारी एका सामान्य नागरिकाला. त्या ०.३५७ मॅग्नम जातीच्या होत्या, एवढे ठरले. ज्या रिव्हॉल्व्हरमधून त्या सुटल्या ते मात्र कधीच हाती लागले नाही. पोलिसांना दिसल्या नाहीत त्या गोळ्या वाटसरूंना कशा दिसल्या, ही शंकाही पुढे अनेक वर्षे घेतली गेली.

भक्कम म्हणता येईल असा पुरावा एवढाच: दोन गोळ्या, एक धावती आकृती आणि एका शोकाकुल पत्नीची आठवण. बाकी सारी जागा रिकामी होती, आणि रिकामी जागा माणसाच्या मनाला सोसत नाही.

त्या रिकाम्या जागेत पहिले आले ते एक चित्र. गल्लीजवळ एक संशयास्पद माणूस आपण पाहिला, असे एका तरुणीने सांगितले. तिच्या आठवणीवरून तयार केलेला चेहरा मार्चच्या पहिल्या आठवड्यात वृत्तपत्रांत झळकला. लगेच पोलिसांकडे खबरींचा पूर लोटला. कोणाला तो आपला शेजारी वाटला, कोणाला दुकानातला नोकर, तर कोणाला जुना शत्रू. पुढे तपासणाऱ्यांचे मत असे झाले की त्या चेहऱ्याचा खुनाशी बहुधा संबंधच नव्हता. पण तोपर्यंत असंख्य निरपराध माणसांकडे त्या चित्राच्या चौकटीतून पाहिले गेले होते. मार्चमध्येच एका ३३ वर्षांच्या इसमाला पकडण्यात आले आणि पुराव्याअभावी सोडून द्यावे लागले.

तपासाची सूत्रे स्टॉकहोमचे पोलीसप्रमुख हान्स होल्मेर यांनी स्वतःकडे घेतली होती. ते दूरदर्शनवर वरचेवर येत, पत्रकार परिषदा घेत; एकदा तर त्यांनी दोन रिव्हॉल्व्हर हाती धरून छायाचित्रकारांना दाखवली. त्यांच्या मनाने कुर्दिश संघटना पीकेके हिचा ध्यास घेतला. या संघटनेवर स्वीडनमधील अन्य खुनांचा ठपका होता. त्यामुळे संशयाला अगदीच आधार नव्हता असे नाही. पण संशय आणि पुरावा यांमधली वाट चालून जाण्याऐवजी उडी मारून पार करण्यात आली. जानेवारी १९८७ मध्ये सुमारे वीस कुर्दांना ताब्यात घेतले गेले. त्यांच्याविरुद्ध काही टिकले नाही, सारे सुटले, आणि त्याच वर्षी होल्मेर यांना तपासाचे नेतृत्व सोडावे लागले. तरी स्वीडनमध्ये आश्रयाला आलेल्या साध्या कुर्दिश कुटुंबांवर पडलेली सावली इतक्या लवकर हटली नाही.

मग नवलाची गोष्ट घडली. एबे कार्लसन या पुस्तक प्रकाशकाने तोच कुर्दिश धागा धरून स्वतंत्र गुप्त तपास सुरू केला. कायदामंत्री अॅना-ग्रेटा लेयॉन यांनी त्याला शिफारसपत्र दिले होते. १९८८ मध्ये हे उघडकीस आले आणि मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. खुनाचा शोध हा आता जणू साऱ्या राष्ट्राचा छंद झाला होता. अशा हौशी शोधकांसाठी स्वीडिश भाषेत ‘प्रिव्हाटस्पानारे’ असा शब्दच रूढ झाला. कोणी पावले मोजीत, कोणी वेळापत्रके जुळवीत, कोणी जुन्या साक्षी पुन्हा पुन्हा वाचीत. पुढे कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झालेले स्टिग लार्सन हेही त्यांच्यातलेच एक.

या शोधकांचे दोन पंथ पडले. पाल्मे चित्रपटाला जाणार हे त्याच दिवशी संध्याकाळी ठरले होते. एका पंथाने म्हटले, ‘इतक्या कमी वेळात खुन्याला कसे कळले? म्हणजे पाळत होती, म्हणजे कट होता.’ दुसऱ्याने म्हटले, ‘इतक्या कमी वेळात कट कसा रचणार? म्हणजे हा एकट्या माणसाचा, योगायोगाने साधलेला डाव होता.’ वस्तुस्थिती एकच, अनुमाने मात्र परस्परविरुद्ध. पुरावा अपुरा असला की तो ऐकणाऱ्याला हवे तेच सांगतो, याचे याहून नेमके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कटाच्या पंथाला देश पुरले नाहीत. खुनाच्या एकच आठवडा आधी पाल्मे यांनी स्टॉकहोममध्ये वर्णद्वेषाविरुद्ध कठोर भाषण केले होते, म्हणून बोट दक्षिण आफ्रिकेकडे गेले. १९९६ मध्ये तेथील एका माजी पोलीस अधिकाऱ्याने तसा आरोपही केला. पुरावा मात्र न्यायालयात उभा राहील असा निघाला नाही. एक बोट आपल्या देशाच्या दिशेनेही वळले. पाल्मे भारताचे मित्र होते. जानेवारी १९८५ च्या दिल्लीतील सहा राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण परिषदेत ते सहभागी झाले होते, आणि राजधानीतील एका मार्गास आज त्यांचे नाव आहे. त्यांच्या मृत्यूनंतर चार आठवडेही झाले नव्हते तेव्हा, २४ मार्च १९८६ रोजी, बोफोर्स तोफांचा करार झाला. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश नभोवाणीने त्यातील लाचेची बातमी फोडताच दोन्ही घटनांचा सांधा जोडणारे पुढे सरसावले. दोन तारखा जवळ आल्या म्हणजे त्यांत कार्यकारणभाव असतोच असे नाही. या तर्काला दुजोरा देणारा पुरावा आजवर पुढे आलेला नाही.

हे सारे परराष्ट्रांचे आणि संघटनांचे झाले. परंतु संशय जेव्हा एका एकट्या माणसावर येऊन बसतो तेव्हा त्याची खरी किंमत कळते. डिसेंबर १९८८ मध्ये क्रिस्टर पेटरसन यास अटक झाली. दारू आणि अमली पदार्थ यांच्या आहारी गेलेला हा इसम. १९७० मध्ये त्याच्या हातून एक मनुष्यवध घडलेला. समाजाला तिरस्करणीय वाटावे असे सारे त्याच्या ठायी होते. पाल्मे यांच्या पत्नीने चित्रफितीवरील ओळखपरेडीत त्याला ओळखले. पण घटनेला तोवर पावणेतीन वर्षे लोटली होती, आणि संशयित व्यसनी आहे ही गोष्ट त्यांच्या कानावर आधीच गेली होती. शस्त्र नाही, हेतू नाही, ठसा नाही. तरीही जुलै १९८९ मध्ये खालच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. या निकालातील एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कायदा शिकलेले दोन्ही न्यायाधीश निर्दोष म्हणत होते. नागरिकांतून घेतलेल्या सहा पंचांच्या मतांनी तो दोषी ठरला.

नोव्हेंबर १९८९ मध्ये अपील न्यायालयाने एकमताने त्याची सुटका केली. मारल्या गेलेल्या पंतप्रधानाच्या विधवेने ‘हाच तो’ म्हटले असताना, सारा देश उत्तरासाठी आसुसलेला असताना, ‘एवढ्यावरून सिद्ध होत नाही’ असे म्हणणे सोपे नव्हते. त्या न्यायालयाने पेटरसनच्या चारित्र्याला प्रशस्तिपत्र दिले नाही. फक्त पुराव्याचे वजन केले. १९९८ मध्ये सरकारपक्षाचा फेरखटल्याचा अर्जही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. पेटरसन २००४ मध्ये वारला. कायद्याने तो निर्दोष, पण अनेकांच्या मनात मरेपर्यंत आणि मेल्यावरही खुनी. कधीकधी तो स्वतःच सूचक बोलून या संशयाला खतपाणी घाली हे खरे. पण आपणच खून केला असे सांगणारे १३० हून अधिक लोक पोलिसांच्या दप्तरी नोंदले गेले आहेत. कबुली म्हणजे सत्य असते, तर पाल्मे यांचा खून १३० वेळा उलगडला असता.

अखेरचे नाव एका साक्षीदाराचे. स्टिग एंगस्ट्रम हे स्कांडिया या विमा कंपनीत जाहिरातींची कलात्मक मांडणी करीत. कंपनीची कचेरी घटनास्थळाला लागूनच होती आणि त्या रात्री ते ११ वाजून १९ मिनिटांनी तेथून बाहेर पडल्याची नोंद आहे. घटनास्थळी आपण पहिल्यांत पोहोचलो, असे त्यांनी पोलिसांना आणि वृत्तपत्रांना सांगितले. इतर साक्षीदारांच्या जबानीत मात्र त्यांच्या सांगण्याचा मेळ बसेना. पोलिसांनी त्यांना मिरवायची हौस असलेला साक्षीदार मानून बाजूला सारले. २००० मध्ये ते वारले. २०१८ मध्ये एका पत्रकाराने मासिकातून आणि पुस्तकातून त्यांच्यावर संशय रोखला, आणि १० जून २०२० रोजी सरकारी वकिलांनी पत्रकार परिषदेत त्यांचे नाव घेऊन, आरोपी मृत असल्याने तपास बंद करीत असल्याचे जाहीर केले. शस्त्र तेव्हाही नव्हते. शास्त्रीय पुरावाही नव्हता.

एंगस्ट्रम खुनी असतीलही, नसतीलही. या प्रश्नाचा निवाडा करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जिवंत पेटरसनला वकील मिळाला, उलटतपासणीचा हक्क मिळाला, वरचे न्यायालय मिळाले. मृत एंगस्ट्रम यांना यांतले काहीच मिळणे शक्य नव्हते. त्यांच्या बाजूने बोलायचे ते त्यांच्या जवळच्या माणसांनी, आणि तेही अशा जगापुढे की ज्याला ३४ वर्षांनी एकदाचे पुस्तक मिटवायची घाई झाली होती. पुस्तक मिटावे ही इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु केवळ त्या इच्छेपोटी कोणाचे नाव शेवटच्या पानावर लिहिता येत नाही.

स्वीडिश लोक आपल्याहून अधिक उतावीळ किंवा अधिक भाबडे होते असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडेही एखाद्या गावात खून होतो तेव्हा काय घडते? बाजारात, लोकलच्या डब्यात, मयताच्या घराच्या ओट्यावर दोन दिवसांत नाव ठरते. ते नाव बहुधा गावातल्या व्यसनी माणसाचे, परक्याचे, किंवा आधीच नावडत्या असलेल्या कुटुंबातल्या कोणाचे असते. पोलीस त्याला बोलावतात, सोडूनही देतात. बोलावल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक होते. सोडल्याची गोष्ट कोणी सांगत नाही. मग मुलीचे लग्न जमत नाही, मुलाला कोणी कामावर घेत नाही. पाल्मे प्रकरणात जे दूरदर्शनच्या पडद्यावर घडले तेच येथे कुजबुजीने घडते.

स्वीडनने २०१० मध्ये कायदा बदलला. खुनाच्या गुन्ह्याला असलेली २५ वर्षांची मुदत रद्द केली, म्हणजे पाल्मे यांच्या खुन्याला केवळ कालावधी उलटल्यामुळे सुटका मिळू नये. न्यायासाठी थांबण्याची ही तयारी आम्हांस मोलाची वाटते. पण थांबणे याचा अर्थ उत्तर मिळेपर्यंत कोणाचेही नाव वापरीत राहणे असा नव्हे. स्वेआव्हेगनवर पाल्मे पडले तेथे पदपथात एक पट्टिका बसवलेली आहे, आणि ज्या गल्लीतून मारेकरी पळाला तिच्या एका भागास आता पाल्मे यांचे नाव आहे. थोड्याच अंतरावर अॅडॉल्फ फ्रेडरिक चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. तेथे येणारे लोक आजही फुले ठेवतात. ज्यांची नावे या चार दशकांत विनापुरावा घेतली गेली, त्यांच्यासाठी मात्र कोठे पट्टिका नाही. म्हणूनच हा इतिहास वाचताना त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे, असे आम्हांस वाटते.