जुन्या डिस्प्लेचा पुनर्वापर

बंद पडलेल्या उपकरणांतील सुस्थितीतील डिस्प्ले काढून ते हौशी इलेक्ट्रॉनिक प्रकल्पांत वापरणे, यास जुन्या डिस्प्लेचा पुनर्वापर म्हणतात. लॅपटॉप भंगारात जातो तेव्हा बिघाड पुष्कळदा मदरबोर्डात असतो. पडदा शाबूत असतो.

नवशिक्यांना १६ स्तंभ व २ ओळींचा अक्षर-डिस्प्ले सोयीचा. त्यात हिताची कंपनीच्या 'एचडी४४७८०' नियंत्रकाशी सुसंगत नियंत्रक असल्यास आर्डुइनोला तो सहा संकेत-तारांनी जोडता येतो. तिसऱ्या पिनेवरील व्होल्टता जुळली नाही तर अक्षरे उमटतच नाहीत, आणि चांगला डिस्प्ले विनाकारण निकामी ठरतो. नोकिया ५११० मोबाइलचा ८४×४८ बिंदूंचा पडदाही लोकप्रिय आहे, त्यास ३.३ व्होल्ट पुरतात.

लॅपटॉपच्या पॅनेलला मात्र स्वतंत्र ड्रायव्हर बोर्ड लागतो. तो पॅनेलच्या पाठीवरील छापील क्रमांक पाहूनच घ्यावा लागतो. व्होल्टता चुकल्यास पॅनेल जळू शकते. कर्जत व खोपोली (तालुका खालापूर) ही मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील स्थानके असल्याने तेथील विद्यार्थ्यांना अशा सुट्या भागांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोडचा बाजार गाठता येतो.

जुन्या पॅनेलांतील शीत-कॅथोड दिव्यात पारा असतो व त्याचा इन्व्हर्टर शेकडो व्होल्ट निर्माण करतो. चित्रनलिकेचे दूरचित्रवाणी संच तर विद्यार्थ्यांनी उघडूच नयेत. वीज तोडल्यानंतरही त्यांत घातक व्होल्टता टिकून राहू शकते. उरलेले निकामी भाग १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोहोचणे अपेक्षित आहे.