लंडनचे महाधुरके
लंडनचे महाधुरके ही ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडन शहरावर ओढवलेली वायुप्रदूषणाची आपत्ती होय. कडाक्याच्या थंडीत घरोघरी व विद्युत केंद्रांत जाळलेल्या कोळशाचा धूर, वारा पडल्यामुळे आणि वर उबदार हवेचा थर असल्यामुळे, जमिनीलगत कोंडला गेला. धुरातील गंधकाच्या संयुगांमुळे श्वसनविकार बळावले. वृद्ध, अर्भके आणि फुप्फुस व हृदयाचे रुग्ण अधिक दगावले. तत्कालीन अंदाजानुसार सुमारे ४,००० मृत्यू झाले. पुढील महिन्यांतील जादा मृत्यूंचे कारण सरकारने इन्फ्लुएंझा असे सांगितले. परंतु नंतरच्या संशोधनानुसार फेब्रुवारी १९५३ पर्यंतच्या जादा मृत्यूंची संख्या सुमारे १२,००० भरते. या आपत्तीची परिणती म्हणून ब्रिटिश संसदेने १९५६ मध्ये स्वच्छ हवा कायदा संमत केला व धूर नियंत्रण क्षेत्रांची तरतूद केली.