वाशिष्ठीचे पूर आणि आपल्या आठवणी

गावाचा इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, देवळे आणि थोर पुरुष डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या चिपळूणचा बराचसा इतिहास वाशिष्ठीने घडविला आहे, आणि तोच नीट लिहिलेला सापडत नाही. १८८० च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरात गावचा व्यापार व गोवळकोट बंदर यांची माहिती मिळते. पण कोणत्या साली कोणाच्या ओटीवर पाणी आले, हे अशा ग्रंथांतून कळावयाचे नाही. १८६४ साली स्थापन झालेल्या आपल्या वाचनालयाच्या ग्रंथांची २००५ व २०२१ च्या पुरांत हानी झाली. पुराने जणू पुराचा पुरावाच नेला!

पावसाचे आकडे मिळतात, परंतु पाऊस म्हणजे पूर नव्हे. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि दाभोळच्या खाडीतून वर चढणारी भरती एका वेळी गाठ पडली, की पाण्याला वाट उरत नाही. शिवाय १९६२ पासून कोयनेच्या वीजघरातून सुटणारे पाणीही वाशिष्ठीतच येते. म्हणून त्यापूर्वीचे आणि नंतरचे पूर एकाच मापाने मोजता येत नाहीत.

येथे आपणा बायकांची स्मरणशक्ती उपयोगी पडते. आपण तारीख विसरतो, तिथी विसरत नाही. २०२१ साली २० जुलैला आषाढी एकादशी झाली, २२ तारखेला पहाटे पाणी घरात शिरले आणि २४ ला गुरुपौर्णिमा होती. म्हणजे भरती उधाणाकडे चढत होती. २००५ साली गुरुपौर्णिमा २१ जुलैला होऊन गेली आणि पूर आला २६ ला. नुसती तिथी कळली तरी समुद्राची स्थिती कळते, ती अशी.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना जुन्या पुराचे साल विचारले तर सांगता येणार नाही. त्याऐवजी, "आजी, तो पूर कोयनेच्या भूकंपाच्या आधीचा की नंतरचा?" असे विचारावे. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पानशेत १२ जुलै १९६१ चे. अशा दोन खुणांमध्ये साल आपोआप सापडते. मग पाणी कितव्या पायरीला लागले, भाताची कणगी भिजली का, माळ्यावर कोण कोण चढले, हे विचारावे. दोन घरांचे सांगणे जुळले, तर ते खरे धरावयास हरकत नाही.

हा केवळ हौसेचा उद्योग नव्हे. सरकार नदीकाठी निळी व लाल अशा पूररेषा आखते. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कोणाला घर बांधता येईल, कोणाला नाही, हे त्या रेषांवर ठरते. शंभर वर्षांचा हिशेब मांडावयाचा आणि नोंदी मात्र थोड्या, अशा वेळी आपल्या भिंतीवरची खूण बोलली पाहिजे.

तेव्हा भगिनींनी रंगकाम काढण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याची रेघ जोत्यापासून मोजून, साल व तिथीसह एका वहीत लिहून ठेवावी. आणि ती वही माळ्यावर ठेवावी, एवढीच विनंती!