एकशे एकसष्ट

माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली काढला, धूळ पुसली, चार्जर लावून बटण दाबलं. पंखा जरासा फिरला, दोनदा ‘टूं टूं’ झालं आणि काळ्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पांढरे आकडे उमटले: १६१, त्याखाली १६३. पुढे काहीच हलेना. लॅपटॉप ‘बूट’ होत नव्हता, तरी ते आकडे पाहून मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तो १६१ माझ्या लॅपटॉपपेक्षा वयाने कितीतरी मोठा आहे.

आधी ‘बूट’चं बघू. हा पायातलाच बूट. उंच चामडी बुटाच्या काठाला एक पट्टी शिवलेली असते. तिच्यात बोट घालून बूट वर ओढायचा. ती पट्टी म्हणजे बूटस्ट्रॅप. आपल्याच बुटाच्या पट्ट्या ओढून आपणच जमिनीवरून वर उचललं जायचं, असं अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अशक्य कामाबद्दल म्हणत. संगणक बांधणारे अशाच पेचात अडकले होते. मेमरी रिकामी, आणि तिच्यात प्रोग्राम आणायचा तर त्यासाठीही प्रोग्रामच हवा! आयबीएमच्या १९५२च्या ७०१ या यंत्रावर त्यासाठी ‘लोड’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की पंचकार्डावरून, फितीवरून किंवा ड्रमवरून ३६ बिटांचा एकच शब्द आत येई. त्याच्या अर्ध्या भागातली सूचना पुढचे शब्द ओढून आणी, ते आणखी पुढचे आणत, आणि बघता बघता सगळा प्रोग्राम मेमरीत येऊन बसे. पट्टीला धरून वर येण्याची ही युक्ती, म्हणून पन्नासच्या दशकातच बूटस्ट्रॅप हा शब्द यंत्राला चिकटला आणि पुढे झिजून ‘बूट’ उरला.

ऑगस्ट १९८१मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत ही पट्टी रॉम चिपमध्ये कायमची कोरलेली होती. फ्लोरिडातल्या बोका रॅटनच्या अभियंत्यांनी तिच्या आधी आणखी एक पायरी घातली, आणि मला त्यांचं सर्वांत मोठं काम हेच वाटतं. वीज मिळताच यंत्राने काहीही लोड करण्याआधी स्वतःला तपासायचं: प्रोसेसर, रॉम, टायमर, मेमरी, कीबोर्ड, एकेक करत. पण पडदाच उजळला नसेल तर दुखणं सांगायचं कसं? तेव्हा छोट्या स्पीकरला बोलतं केलं. एक आखूड आवाज म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याच्या कार्डाची तक्रार. पडदा चालू झाला की मग आकडे: शंभरीतले मदरबोर्डचे, २०१ मेमरीचा, ३०१ कीबोर्डचा, ६०१ फ्लॉपीचा. रॉममधल्या या सुरुवातीच्या प्रोग्रामला बायॉस म्हणतात. पुढे इतर बायॉस बनवणाऱ्यांनी आवाजांच्या आपापल्या खुणा ठरवल्या. म्हणून आवाज मोजण्याआधी बायॉस कुणाचा आहे ते बघावं लागतं.

१६१ मात्र १९८१चा नाही. त्या पीसीला आपल्यात मेमरी किती, फ्लॉपी किती, हे मदरबोर्डवरच्या बारीक खटक्यांवरून कळे आणि तारीख रोज हाताने टाकावी लागे. १९८४च्या पीसी-एटीत मोटोरोलाची घड्याळाची चिप आली. तिच्यात ६४ बाइट होते. १४ घड्याळाच्या कामाला, उरलेले ५० यंत्राची माहिती जपायला. वीज बंद असताना ती माहिती टिकावी म्हणून बॅटरी जोडली. यंत्र पहिल्यांदाच काही लक्षात ठेवू लागलं, आणि त्यामुळेच विसरूही लागलं. बॅटरी मेली की आपल्यात हार्ड डिस्क कुठल्या प्रकारची आहे हेही त्याला आठवेना. त्या विसरण्यासाठी नवे आकडे आले: १६१ म्हणजे जपलेली माहिती गेली, बॅटरी बघा, १६३ म्हणजे तारीख-वेळ लागलेली नाही. १९९२मध्ये आयबीएमचे थिंकपॅड लॅपटॉप निघाले, त्यांच्यातही हेच आकडे उतरले.

त्यामुळे जुना लॅपटॉप उठत नसेल तर मी आधी कान देते. अजिबात आवाज नाही, दिवा नाही, तर चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, मग नुसत्या चार्जरवर लावून बघायचं. दिवा लागतो पण पडदा काळा, तर रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवायच्या. आकडा दिसला तर अर्धं काम झालंच, कारण आकडा दाखवण्याइतका प्रोसेसर, रॉम आणि पडदा शाबूत आहे.

माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड उचलला तर खाली पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला बटणसेल होता, लाल-काळ्या दोन वायरी आणि टोकाला इवलासा कनेक्टर. मीटर लावला. तीन व्होल्ट हवे होते, दाखवले ०.४. सेलवर सीआर२०३२ लिहिलेलं. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, नावातच माप. नवा घेताना वायरी जोडूनच आलेला घेतला, कारण अशा सेलवर थेट डाग देणं धोक्याचं. आतलं लिथियम तापलं की सेल फुटू शकतो.

सेल बसवला, सेटअपमध्ये जाऊन तारीख-वेळ लावली, सेव्ह केलं. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला. या वेळी एकच आखूड ‘टूं’, आणि मागोमाग डिस्कची घरघर.