नडगीचा अस्थिभंग, मुलांमधील : प्लास्टर आणि शस्त्रक्रिया

गुडघा ते घोटा या भागात दोन हाडे असतात : पुढचे जाड हाड म्हणजे नडगी (अंतर्जंघास्थी) आणि बाहेरच्या अंगाचे बारीक हाड म्हणजे बहिर्जंघास्थी. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलते. मुलांच्या लांब हाडांपैकी जी वारंवार मोडतात त्यांत कोपराखालचा हात आणि मांडी यांच्या जोडीला नडगी येते. प्लास्टर घालावे की शस्त्रक्रिया करावी, हे मुलाचे वय, हाड किती सरकले आहे आणि आसपासच्या मांसाला व त्वचेला किती इजा झाली आहे यांवर ठरते. प्रस्तुत नोंद नडगीच्या मधल्या दांड्याच्या अस्थिभंगापुरती आहे.

कारणे व प्रकार : सुमारे 9 महिने ते 3 वर्षांच्या बालकात नुसता पाय मुरगळला तरी नडगीला तिरकी, पिळाची चीर जाते. मोठ्यांच्या मांडीवर बसून घसरगुंडीवरून येताना पाय अडकणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. हाड जागचे हललेले नसते, पहिल्या एक्स-रेत चीर कधी कधी दिसतही नाही. मूल पाय टेकायला तयार नसते, हीच खूण. मोठ्या मुलांत खेळातील पडणे, सायकल व वाहनांचे अपघात ही कारणे प्रमुख आहेत. बारीक हाड शाबूत राहून एकटी नडगी मोडली, तर पाऊल हळूहळू आतल्या बाजूला झुकते. दोन्ही मोडली, तर ते बाहेर झुकण्याचा कल असतो.

वाढत्या हाडाचे वैशिष्ट्य : मुलांच्या हाडावरील आवरण जाड व रक्तपुरवठ्याने समृद्ध असते. त्यामुळे हाड लवकर जुळते आणि थोडा बाक वाढीबरोबर सरळ होतो. ही क्षमता वयाबरोबर कमी होते. 8 वर्षांखालील मुलात पाऊल आत झुकवणारा सुमारे 10 अंशांपर्यंतचा बाक आणि 1 सेंमी.पर्यंतचा आखूडपणा साधारणतः चालवून घेतात. त्यापुढे ही मर्यादा सुमारे 5 अंश आणि अर्धा सेंमी. इतकी खाली येते. हाडाला पडलेला पीळ मात्र सहसा आपोआप सुटत नाही.

प्लास्टर : प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी डच लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस मॅथायसेन यांनी 1851 मध्ये वापरात आणली. आजही मुलांच्या बंद, स्थिर अस्थिभंगावर प्लास्टर हाच पहिला उपचार आहे. हाड सरकले असल्यास भूल देऊन ते बसवतात आणि गुडघा किंचित वाकवून मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालतात. सूज उतरली की प्लास्टर सैल होते व हाड पुन्हा सरकू शकते. म्हणून पहिले तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढणे महत्त्वाचे असते. थोडा बाक आढळल्यास प्लास्टरला काप देऊन व तेथे पाचर बसवून तो सुधारता येतो. चार ते सहा आठवड्यांनी गुडघा मोकळा ठेवणारे प्लास्टर घालतात. बालकाचे हाड तीन-चार आठवड्यांत, तर किशोराचे दहा-बारा आठवड्यांत किंवा त्याहून उशिरा जुळते.

शस्त्रक्रिया : उघडी जखम, प्लास्टरमध्ये न टिकणारी हाडाची स्थिती, पोटरीत वाढलेला दाब, रक्तवाहिनीची इजा किंवा एकाच वेळी अनेक अस्थिभंग असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. फ्रान्समधील नान्सी येथे झां-पोल मेतेझो व सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत दोन लवचीक सळया धनुष्यासारख्या वाकवून हाडाच्या पोकळीत सरकवतात. त्या सहसा टायटॅनियमच्या असतात. त्या गुडघ्याजवळील वाढीच्या कूर्चेच्या खालून आत घालतात, त्यामुळे हाडाची वाढ अबाधित राहते. हाड पक्के झाल्यावर त्या काढतात. प्रौढांसाठीचा जाड रॉड वरच्या टोकातून, त्या कूर्चेतूनच जातो. म्हणून तो वाढ पूर्ण होत आलेल्या किशोरांसाठीच राखून ठेवतात. जखम मोठी व दूषित असल्यास बाहेरून चौकट लावतात. उघड्या जखमेत प्रतिजैविके लवकर सुरू करणे व जखम नीट धुणे यांना पर्याय नाही.

तुलना : सळयांमुळे गुडघा व घोटा लवकर हलवता येतात, शाळेत व शौचालयात जाणे सोपे होते आणि हाडाची रेषा अधिक भरवशाने टिकते. उलट बाजूला भूल, जंतुसंसर्गाचा धोका, सळईच्या टोकाची टोचणी, पुन्हा एक शस्त्रक्रिया आणि वाढीव खर्च आहे. सळई घातल्याने हाड लवकर जुळतेच असे नाही. या दोन उपचारांची तुलना करणारा पुरावा बहुतांशी जुन्या रुग्णनोंदींवर आधारलेला आहे. त्यांत गंभीर इजा शस्त्रक्रियेच्या गटात जास्त असतात, म्हणून आकडे वाचताना सावध राहावे लागते.

धोक्याची लक्षणे : औषध देऊनही वाढणारी वेदना, मुलाची तगमग, बोटे हलवताना कळ, बधिरपणा किंवा बोटे थंड व पांढरी पडणे ही पोटरीतील दाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. असे झाल्यास रात्र असली तरी थांबू नये. प्लास्टर तत्काळ उघडून तपासावे लागते आणि दाब खरोखर वाढला असल्यास स्नायूंवरील आवरण कापून तो मोकळा करावा लागतो. एक्स-रेशिवाय हाडवैद्याने घट्ट बांधलेल्या कामट्यांमुळेही रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

निष्कर्ष : लहान मुलाच्या बंद व स्थिर अस्थिभंगाला नीट घातलेले आणि वेळोवेळी तपासलेले प्लास्टर पुरते. किशोरवयात वाढ थोडी उरलेली असल्याने राहिलेला बाक कायम राहू शकतो, म्हणून तेथे शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा. कोणताही उपचार निवडला, तरी पहिल्या तीन आठवड्यांतील तपासण्या पालकांनी चुकवू नयेत.