शाळेने दिलेली जन्मतारीख

दर वर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाल-श्रीफळ देऊन निरोप देण्याची एकच गर्दी उसळते. निवृत्त होणाऱ्यांपैकी अनेकांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख १ जून असते आणि पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. ही तारीख त्यांना शाळेने दिली.

खेड्यात जन्म लक्षात राहायचा तो सणावरून नाहीतर संकटावरून. कुणी पोळ्याच्या आदल्या रात्रीचा, कुणी कोयनेच्या भूकंपानंतरच्या सुगीतला, कुणी दुष्काळी कामावर आई खडी फोडत होती तेव्हाचा. आईला वेळ, पाऊस, सुईण, सगळं आठवे. आकड्यातली तारीख तेवढी नसे. जन्मनोंदणीचा १८८६चा कायदा ऐच्छिक होता. गावात जन्म-मृत्यूचं पुस्तक असे, ज्याला लोक अजून कोतवाल बुक म्हणतात. पण त्यात पुष्कळदा बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी, एवढंच असे. बाळाचं नाव ठेवलेलंच नसायचं. नोंदणी देशभर सक्तीची करणारा कायदा आला तो १९६९ साली.

त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं, जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी वस्तीवर पोरं गोळा करायला जात. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर शाळेच्या वयाचं झालं. मग जनरल रजिस्टरात तारीख लिहायची तर वय पुरं भरलं पाहिजे. म्हणून शाळेच्या नव्या वर्षाच्या तोंडाशी येणारा १ जून. गुरुजींच्या मनात खोट नव्हती. पोर शाळेत यावं, एवढीच त्यांची धडपड होती, आणि त्या अंदाजाने लाखो मुलं शिकली. पण त्या एका ओळीचं पुढे जे झालं, ते गुरुजींच्याही हातात राहिलं नाही.

रजिस्टरातली ओळ दाखल्यावर उतरली, दाखल्यावरून दहावीच्या प्रमाणपत्रावर, तिथून नोकरीत आणि पेन्शनमध्ये. राज्य शासनाच्या सेवेत जन्मतारीख दुरुस्त करायची तर रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. त्यानंतर आई जिवंत असली आणि सांगत असली, तरी रजिस्टरच खरं धरलं जातं. नावाचंही तेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. ते आडनाव पुढे जगभर गेलं. मुलींच्या बाबतीत तर सासरी हाक मारण्याचं नाव बदललं, तरी 'दाखल्यावरचं नाव' म्हणून माहेरचं नाव एका कागदावर जिवंत राहिलं. मला या जपणुकीचं मोल फार वाटतं.

सर्वांत जड रकाना जातीचा. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा मागतात: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजच्या मुलाला आजोबा-पणजोबांची शाळा शोधावी लागते. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं आणि मोडीतले कागद माळ्यावरून खाली आले. जिथे आजोबा शाळेत गेले होते, तिथे नातवाला काही सापडण्याची आशा तरी होती.

पण ज्यांना शाळेच्या पायरीवर येऊच दिलं नाही, त्यांचं काय? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बाकी महाराष्ट्रात ते पोचायला दशकं गेली, आणि पालं टाकत हिंडणाऱ्यांपर्यंत तर अजून धड पोचलेलं नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली १९५२पर्यंत पोलिसांनी ज्यांची हजेरी घेतली, त्यांच्या नातवंडांकडे शाळेच्या हजेरीचा पुरावा मागणं, हा मला उघड अन्याय वाटतो. शिक्षण नाकारलं म्हणून सवलत, आणि सवलतीसाठी शिक्षणाचा कागद.

१ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे, तेव्हा तारखेचं ओझं शाळेवरून उतरेल. जातीचा पुरावा मात्र अजून जुन्या रजिस्टरांतच शोधला जातो. पडताळणीत दक्षता पथक घरी जाऊन चौकशी करतं. तिथे देवक, कुलदैवत, सोयरीक, जाणत्यांची साक्ष समोर येते. भटक्यांच्या बाबतीत तरी या साक्षीला १९६१पूर्वीच्या कागदाइतकंच वजन द्यायला हवं.